सत्काराआधी नोंद: घरातल्या सैनिकाची आठवण आणि माजी सैनिकांचे आभार

स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताक दिन किंवा ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन जवळ आला की वाचकांचे ठरावीक प्रश्न येऊ लागतात. पणजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले होते असे घरात सांगतात, पण ते कोणत्या पलटणीत होते हे कुणालाच ठाऊक नाही. ते कसे शोधायचे? गावातल्या माजी सैनिकांचा सत्कार करायचा आहे. तो कसा करावा? वडील फौजेतून निवृत्त झाले होते, आता ते नाहीत. आईला आणखी काही मिळू शकते का? तीन प्रश्न वेगवेगळे वाटले तरी त्यांची सुरुवात एकाच ठिकाणी होते. सैनिकाचे नाव, त्याचा फौजी नंबर, त्याची पलटण आणि त्याच्या घरच्यांची नावे कागदावर बरोबर आहेत का, हे आधी पाहावे लागते. शाल-श्रीफळ, कमानी आणि भाषणे त्यानंतरची. कृतज्ञतेतला खरा आणि कष्टाचा भाग नोंदीचा आहे आणि आपण नेमका तोच टाळतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

नावाशिवाय मानलेले आभार कुणाला पोचतात?

सातारा जिल्ह्यापासून कोकणापर्यंत अनेक गावांत पहिल्या महायुद्धाची एक पाटी आढळते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिचा मजकूर. आकडा आहे, नाव एकही नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावातले ४६ जण त्या युद्धात गेले असे सांगितले जाते. गावाने ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपली, म्हणून तिथे निदान घराघरात ती माणसे ठाऊक आहेत. ज्या गावांनी जपली नाही तिथे पाटीवर फक्त आकडा उरला. हे केवळ खेड्यातल्या पाट्यांचे झाले असेही नाही. इराकमधल्या बसरा स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, साध्या भारतीय शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी दिली गेली. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनने २०२१ साली स्वतःच्याच इतिहासाची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धातल्या सुमारे ४५ हजार ते ५४ हजार मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही, असे त्यात मान्य केले आहे. त्यांत भारतीयांचा वाटा मोठा होता. स्मारके उभी राहिली, समारंभ झाले, पुष्पचक्रे वाहिली गेली. तरीही शंभर वर्षांनी कबुली द्यावी लागली ती नोंदीतल्या या भेदभावाची.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की ही माणसे इंग्रजांसाठी लढली. त्यांचे आभार आपण का मानायचे? आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो झटकून टाकू नये. पण आठवण ठेवणे म्हणजे साम्राज्याचा गौरव करणे नव्हे. कोरडवाहू शेतीवर घर चालत नाही म्हणून भरती झालेला मुलगा, भाऊबंदकीतून सुटका म्हणून गेलेला, सैन्यात गेल्यावर समाजात मान मिळेल या आशेने गेलेला, अशी कितीतरी कारणे त्या भरतीमागे होती. महार समाजाची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली, महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी केली आणि १९२१ साली ती मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली ती पुन्हा युद्धाच्या काळात, १९४१ साली. या समाजातल्या घरी जुना फौजी कागद असेल तर त्याला लढाईच्या पलीकडचाही अर्थ आहे. आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांनी उठाव केला तेही त्याच गणवेशातले होते. कोण का गेला आणि काय करून आला, हे नोंद असेल तरच सांगता येईल. नोंदच नसेल तर कौतुकही हवेत आणि टीकाही हवेत.

शोधाची सुरुवात घरातूनच करा

कार्यालयांना पत्रे लिहिण्याआधी घरातल्या वस्तू बारकाईने पाहा. बहुतेक घरांत माळ्यावर एक काळी पत्र्याची ट्रंक असते. तिच्या झाकणावर किंवा पुढच्या बाजूला पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण लिहिलेली असे. रंग उडाला असेल तर टॉर्चचा उजेड आडवा पाडून पाहा आणि फोटो काढा. अक्षरांचे उठाव दिसतात. ट्रंक पुसण्याच्या किंवा पुन्हा रंगवण्याच्या भरीस पडू नका. पदकांचेही तसेच आहे. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. दुसऱ्या महायुद्धाच्या चांदणीच्या आकाराच्या पदकांवर ब्रिटिश सैनिकांची नावे घातली जात नसत. भारतीयांना दिलेल्या चांदण्यांच्या मागच्या बाजूला मात्र ती घातली आहेत. म्हणून त्या चांदण्या उलट्या करून पाहा. पहिल्या महायुद्धाचे गोल पदक चांदीऐवजी काशाचे असेल तर माणूस बहुधा मजूर तुकडीत किंवा अशाच एखाद्या बिगरलढाऊ दलात होता. सणावाराला पदके ब्रासोने घासण्याची हौस अनेक घरांत असते. ती आजच थांबवा, कारण घासून झिजते ती नेमकी कडेवरची अक्षरे.

याशिवाय पुढील गोष्टी शोधा:

- डिस्चार्ज बुक किंवा सुटकेचा दाखला. भरतीची व सुटकेची तारीख, शरीरावरच्या खुणा, गाव आणि वारसाचे नाव यात असते.
- पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पीपीओ. जुनी फाटकी असली तरी टाकू नका.
- पत्रांची पाकिटे. पत्त्यात ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ असा लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक असेल तर त्याच्या आधी युनिटचे नाव लिहिलेले असते. कागद निरुपयोगी वाटला तरी पाकीट ठेवा.
- गटाचा फोटो. मागच्या बाजूला छायाचित्रकाराचा शिक्का आणि छावणीचे नाव सापडते. खांद्यावरचा आणि टोपीवरचा बिल्ला मोठा करून पाहा.

कागद लॅमिनेट करू नका. एकदा चिकटलेला प्लास्टिकचा थर काढताना कागद जातो. दोन्ही बाजू स्कॅन करा, मूळ कागद आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवा आणि एक प्रत दुसऱ्या घरी द्या. समाजमाध्यमांवर मात्र फौजी नंबर, पीपीओ क्रमांक किंवा बँकेचा तपशील दिसेल असा फोटो टाकू नका. निवृत्तांना फसवणारे हाच तपशील वापरतात.

घरच्या आठवणी आणि सरकारी नावे जुळवताना

शोध बहुतेक वेळा इथे अडतो, कारण घरची बोली आणि लष्कराचे कागद वेगळी नावे वापरतात. १९२२ च्या पुनर्रचनेत जुन्या मराठा पलटणींचे क्रमांक बदलले. १०३ वी पलटण नव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी आणि ११४ वी दहावी. 'जंगी पलटण' म्हणजे पहिली. 'काली पांचवी' म्हणजे दुसरी. त्यामुळे आजोबा 'काली पांचवीत' होते असे कळले आणि तुम्ही पाचव्या बटालियनच्या नोंदी मागितल्या, तर हाती काही लागणार नाही. तिसरी बटालियन पुढे पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली, त्यामुळे तिथल्या जुन्या जवानांचे घरचे लोक पॅराशूटच्या नोंदीत चुकून सुरुवातीची वर्षे शोधतात. 'सफरमैना' असे घरात म्हणत असतील तर पुण्याजवळच्या खडकीचा बॉम्बे इंजिनिअर ग्रुप आठवा. 'बोटीवर होते' म्हणजे नौदल असेलच असे नाही. रत्नागिरीकडचे अनेक खलाशी व्यापारी जहाजांवर होते, आणि युद्धात बुडालेल्यांची स्मारके मुंबईत मशीद बंदर भागातल्या खलाशांच्या वसतिगृहात आहेत.

'बसऱ्याची लढाई' हा शब्दप्रयोग मेसोपोटेमियातल्या सगळ्या मोहिमेसाठी वापरला जाई. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. कूट-अल-अमाराचा वेढा आणि २९ एप्रिल १९१६ ची शरणागती या तिघींच्याही वाट्याला आली. पणजोबा 'तुर्कांच्या कैदेत' होते अशी आठवण असेल तर या तीन क्रमांकांपासून सुरुवात करा. युद्धकैद्यांचे दस्तऐवज जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसकडे जपलेले असून पहिल्या महायुद्धाचे संगणकावर पाहता येतात. 'आफ्रिकेची लढाई' याहून फसवी, कारण ती पहिल्या महायुद्धातली पूर्व आफ्रिका असू शकते, १९४१ मधले केरेन असू शकते किंवा १९४२ मधले तोब्रुक. अशा वेळी भरतीचे वर्ष आधी ठरवा.

गावांची आणि माणसांची नावेही बदलतात. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला, म्हणून मालवणच्या माणसाची नोंद रत्नागिरीखाली मिळेल. सावंतवाडी तर संस्थान होते. रायगडच्या माणसासाठी कुलाबा शोधा. १९४९ ते १९६० या काळात सांगली जिल्ह्याचे नाव दक्षिण सातारा होते. नाव लिहिणारा कारकून मराठी जाणणारा असेलच असे नव्हते. जाधव हे आडनाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे सापडते, आणि इटलीत सेनियो नदीकाठच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नामदेव जाधव यांच्याही नावाची स्पेलिंगे एकसारखी नाहीत. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्याची ही गत, तर साध्या शिपायाचे नाव पहिल्या शोधात मिळाले नाही म्हणून निराश होऊ नका. गावाच्या नावावरून किंवा वडिलांच्या नावावरून पुन्हा शोधा.

अर्ज कुठे करायचा आणि काय मागायचे

भूदलातील जवानांच्या नोंदी प्रत्येक रेजिमेंटच्या किंवा दलाच्या अभिलेख कार्यालयात असतात, सगळ्यांसाठी मिळून एक कार्यालय नसते. मराठी घरांना बहुतेक वेळा लागणारी ठिकाणे अशी:

- मराठा लाइट इन्फन्ट्री: बेळगाव
- महार रेजिमेंट: सागर, मध्य प्रदेश
- बॉम्बे इंजिनिअर ग्रुप: खडकी, पुणे
- तोफखाना: नाशिक रोड
- रणगाडा दल आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री: अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर
- सिग्नल्स: जबलपूर
- नौसैनिक: मानखुर्द, मुंबई
- वायुसैनिक: सुब्रतो पार्क, दिल्ली

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत, एका पानात करा. सैनिकाचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, नंबर, पलटण, त्या वेळचे गाव-तालुका-जिल्हा, भरतीचा अंदाजे काळ आणि तुमचे नाते एवढे लिहा. नात्याचा पुरावा आणि मृत्यूचा दाखला जोडा. अंदाज असेल तिथे 'अंदाजे' असेच लिहा. चुकीची तारीख ठामपणे लिहिली तर कारकून त्याच वर्षात शोधून 'नोंद नाही' असे कळवतो.

निवृत्तिवेतन न घेता सुटलेल्या जवानांची सेवा-कागदपत्रे साधारणपणे २५ वर्षांनी नष्ट केली जातात. नियमच तसा आहे. म्हणून 'सर्व कागदपत्रे द्या' असा अर्ज केला की 'मुदत संपल्याने नष्ट' असे उत्तर येते आणि घरचे लोक तिथेच थांबतात. पण 'लाँग रोल' नावाची नोंदवही कायम ठेवली जाते. तिच्यात नंबर, नाव, भरती, सुटका आणि सुटकेचे कारण अशी मोजकी माहिती असते. तेव्हा अर्जात 'सेवा-कागदपत्रे उपलब्ध नसल्यास लाँग रोलमधील नोंदीचा उतारा मिळावा' हे वाक्य घाला. माझ्या मते या लेखातली सगळ्यात उपयोगी ओळ हीच.

उत्तर आले नाही तर स्मरणपत्र पाठवा, नंतर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. न मिळाल्यास किंवा नकार आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करता येते. माणूस हयात असेल तर त्याच्याच सहीने अर्ज करा, कारण दुसऱ्याची खासगी माहिती म्हणून तुमचा अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

लढाईत गेलेल्यांसाठी वेगळा मार्ग

दोन्ही महायुद्धांत मृत्यू पावलेल्यांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनच्या संकेतस्थळावर विनाशुल्क शोधता येतात. एक घोळ टाळा: तिथे फक्त मृतांची नावे असतात. सुखरूप परतलेले आजोबा तिथे सापडणार नाहीत, आणि सापडले नाहीत म्हणून 'ते युद्धाला गेलेच नव्हते' असा निष्कर्ष काढू नका. मृत्यूचा पुरावा तुमच्याकडे असेल आणि नाव नसेल, तर कमिशनला पुराव्यासह लिहिता येते. बसऱ्याच्या दगडावर फक्त संख्या असली तरी अनेकांची नावे नोंदवह्यांत आहेत आणि संगणकावर मिळतात. फ्रान्समधल्या नव्ह शापेल इथल्या भारतीय स्मारकावर ४ हजार ७०० हून अधिक नावे आहेत, आणि त्यांत सैनिकांबरोबर मजूरही आहेत. युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तिथे जायचे ठरवले तर निघण्यापूर्वी संकेतस्थळावरून पॅनेलचा क्रमांक लिहून घ्या. इटलीत १९४४ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून पडलेले यशवंत घाडगे यांचे स्मारक रायगड जिल्ह्यात माणगावला आहे. तिथे जाण्यासाठी परदेशाची वाट धरावी लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर प्राण दिलेल्यांची नावे दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात कोरलेली आहेत. हे स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले. नाव असायला हवे पण दिसत नाही, किंवा चुकीचे दिसते, असे झाल्यास संबंधित अभिलेख कार्यालयामार्फत पुराव्यासह कळवा.

'आमचे आजोबा काय, लंगरात स्वयंपाकी होते,' किंवा 'खेचरे हाकत होते,' असे म्हणून अनेक घरे शोध सुरूच करत नाहीत. हा संकोच सोडून द्या. कूटच्या वेढ्यात पाणक्या, स्वयंपाकी, खेचरवाला हे सगळे शिपायांच्याच उपासमारीत होते आणि त्यांच्याच बरोबर कैदेत गेले. आधीच्या नोंदींनी त्यांना शेवटी लिहिले किंवा लिहिलेच नाही. तुम्ही तेच करू नका.

हयात माजी सैनिकाशी बोलताना

ज्यांच्या घरात माजी सैनिक अजून आहेत त्यांनी कार्यालयांच्या आधी त्यांच्याशी बोलावे. इथे दुसरा आक्षेप येतो: ते स्वतःहून बोलत नाहीत, मग जखम कशाला उकरायची? उत्तर प्रश्नांच्या निवडीत आहे. 'किती जणांना मारलेत?' हा प्रश्न कधीच विचारू नका, लहान मुलांनाही विचारू देऊ नका. भरतीच्या दिवशी बरोबर कोण होते, रिक्रूट असताना उस्ताद कोण होते, गाडी कोणत्या स्टेशनवरून सुटली, बर्फात पाणी कसे मिळे, घरचे पत्र किती दिवसांनी येई, रजेवर येताना मुलांसाठी काय आणले, असे विचारा. माणसे अशा प्रश्नांवर बोलतात, आणि लढाईचे सांगायचे असेल तर त्या ओघात स्वतःच सांगतात. ते थांबले की तुम्हीही थांबा. ध्वनिमुद्रण करायचे असेल तर आधी परवानगी घ्या आणि ती मुद्रणातच नोंदवा. तैनाती, शस्त्रे, ठिकाणे याबद्दल ते काही सांगणार नाही म्हणाले तर आग्रह धरू नका. निवृत्तीनंतरही त्यांच्यावर गोपनीयतेचे बंधन असते. त्यांच्या पत्नीलाही वेगळा वेळ द्या. पाच-सहा वर्षे घर, शेत आणि सासू-सासरे एकटीने सांभाळणे हा त्या सेवेचाच भाग होता, आणि तो कुठल्याही डिस्चार्ज बुकात लिहिलेला नाही.

सत्कार करायचाच असेल तर

सत्काराने माणसाला बरे वाटते, मग एवढी कागदांची कटकट कशाला, असे मंडळांचे कार्यकर्ते विचारतात. सत्काराला माझा विरोध नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाला पाहुण्यांची वाट पाहत दोन तास उन्हात बसवायचे, चुकीचा हुद्दा वाचायचा, आणि फोटोत पुढाऱ्यांच्या मागे उभे करायचे, याला आहे. नोंद हाती असेल तर सत्कार आपोआप सुधारतो. निवेदकाला 'थोर देशसेवक' अशा विशेषणांऐवजी असे लिहून द्या: 'नायक (निवृत्त) अमुक अमुक, मराठा लाइट इन्फन्ट्रीची अमुक बटालियन, सेवा १९६३ ते १९७८, १९६५ आणि १९७१ ही दोन्ही युद्धे, सोबत त्यांच्या पत्नी अमुक.' अर्ध्या मिनिटाचा हा मजकूर आदल्या दिवशी त्यांना स्वतःला वाचून दाखवा आणि दुरुस्त करून घ्या. शिवाय:

- आधी विचारा. काहींना व्यासपीठ नको असते. घरी चार मुले घेऊन गेलात तर त्यांना अधिक आवडते.
- मानद हुद्दा असेल तर तो तसाच लिहा. सुभेदाराला सरसकट 'कॅप्टन' म्हणू नका आणि मानद कॅप्टनला 'सुभेदार'ही म्हणू नका.
- १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली याच दिवशी निवृत्त झाले. संक्रांतीच्या तोंडावर येतो म्हणून तो हुकतो. तिळगूळ द्यायला जाताना याचेही निमित्त करता येईल.

माजी सैनिकाच्या अंत्यसंस्कारात अनेक गावांत भावनेच्या भरात पार्थिवावर तिरंगा पांघरला जातो. ध्वजसंहितेनुसार शासकीय, लष्करी किंवा केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या इतमामातल्या अंत्यसंस्कारातच हे करता येते, आणि तेव्हाही ध्वज चितेवर किंवा कबरीत जाता कामा नये. माजी सैनिकाचे निधन झाले तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला किंवा जवळच्या लष्करी स्टेशन मुख्यालयाला लगेच कळवा. शक्य तो मान ते सांगतील.

पैशाने मदत करायची असेल तर ध्वजदिन निधी हा सरळ मार्ग आहे. ७ डिसेंबर हा दिवस १९४९ पासून पाळला जातो. या निधीच्या देणगीला आयकरात सवलत आहे. पावती घ्या. रस्त्यावर किंवा फोनवर 'जवानांसाठी' म्हणून पैसे मागणाऱ्यांना देण्यापेक्षा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन द्या.

घरच्यांचे हक्क

सत्काराला पन्नास माणसे येतात. विधवेबरोबर पेन्शनच्या कामासाठी तालुक्याला जायला कुणी मिळत नाही. म्हणून या भागाला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत होती. जवानाने लग्नाची नोंद करताना माहेरचे 'शेवंता' लिहून दिले, आधारकार्डावर 'लक्ष्मीबाई' आले, बँकेत 'लक्ष्मी'. नवरा हयात असेपर्यंत हे कुणाच्या लक्षात येत नाही. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन याच एका फरकामुळे महिनोन्‌महिने अडकते. तुमच्या घरात किंवा शेजारी निवृत्त सैनिक असतील तर आजच त्यांच्या पीपीओवरचे पत्नीचे नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून पाहा. फरक असेल तर ते हयात असतानाच प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अभिलेख कार्यालयाकडे दुरुस्ती पाठवा. मुलांची नावे आणि जन्मतारखाही त्याच वेळी पाहून घ्या. अपंग अपत्याची नोंद राहिली असेल तर ती सगळ्यात आधी करा, कारण आई-वडिलांच्या पश्चात त्याला नियमानुसार आयुष्यभर निवृत्तिवेतन मिळू शकते. अवलंबून असलेल्या विधवा किंवा घटस्फोटित मुलीलाही अटींसह हा हक्क आहे.

आणखी काही गोष्टी तपासा:

- मृत्यू नैसर्गिक, सेवेमुळे आलेला की युद्धात किंवा लष्करी कारवाईत झालेला, यानुसार कुटुंब निवृत्तिवेतन साधे, विशेष किंवा उदारीकृत ठरते, आणि रकमेत मोठा फरक पडतो. वर्गवारी चुकली असे वाटत असेल तर आधी अपील करा; त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याचे खंडपीठ मुंबईत आहे.
- पंधरा वर्षे न भरल्याने पेन्शन न मिळालेल्या जवानांनी 'आपल्याला काहीच नाही' असे धरून बसू नये. वृद्ध आणि गरजू बिगर-पेन्शनर, तसेच त्यांच्या विधवा यांच्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा साहाय्य देते. लाँग रोलचा उतारा अशा अर्जांत थेट उपयोगी पडतो.
- महाराष्ट्रात माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना राहत्या घराच्या घरपट्टीत माफीची योजना आहे. अर्ज ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत करायचा असतो. आपोआप माफी मिळत नाही.
- विधवेचे ओळखपत्र आणि ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिक आरोग्य योजनेचे, कार्ड वेगळे काढावे लागते. पतीच्या कार्डावर अवलंबून राहिल्यास दवाखान्यात ऐनवेळी अडचण येते.
- सीआरपीएफ, बीएसएफ अशा दलांतले निवृत्त जवान गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. त्यांच्या घरच्यांनी त्यांच्याच दलाच्या कल्याण यंत्रणेकडे जावे, नाहीतर सैनिक कल्याण कार्यालयात फेऱ्या वाया जातात.

पेन्शन संरक्षण खात्याच्या 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर असेल तर हयातीचा दाखला वर्षातून एकदा भरावा लागतो. वय झालेल्या विधवेच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत तेव्हा चेहरा ओळखण्याची सोय असलेले मोबाइल ॲप वापरा किंवा बँकेतून दाखला भरून घ्या, आणि पोचपावती पीपीओच्या फाइलीत लावा. फाइलीच्या पहिल्या पानावर नंबर, हुद्दा, पलटण, पीपीओ क्रमांक, अभिलेख कार्यालयाचा पत्ता आणि पत्नीचे कागदोपत्री नाव मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आणि घरातल्या दोघांना तरी ती फाइल कुठे आहे ते सांगून ठेवा.